भट्टीत शिजवलेली वर्षं

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी धागे टांगायच्या कामावर होतो. लग्न ठरायच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, "तिथं नेमकं काय करता?" मला हुरूप आला आणि मी बराच वेळ समजावून सांगत बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठून आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "केमिकलात आहेत." ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हापासून सासरी मी केमिकलात आहे तो आहेच.

खरं काम असं होतं. आमच्याकडे पॉलिएस्टर आणि पॉलिप्रोपिलीनचे जाड धागे निघत. त्यांचे दोर होत, जाळ्या होत, रुंद पट्टे होत. काही पट्टे रस्त्याच्या भरावात मातीच्या पोटात गाडले जात, माती धरून ठेवायला. एकदा गाडलेला पट्टा पुन्हा कोण उकरून बघणार? म्हणून गिऱ्हाईक आधीच विचारायचं, हा किती वर्षं टिकेल? आपल्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत टिकला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा. आणि माल मात्र त्याला पुढच्या महिन्यात उचलायचा असे.

अशा धाग्याला वजन लावलं की तो लगेच तुटत नाही. तो हळूहळू लांबत जातो. डोळ्याला दिसत नाही इतका हळू. या लांबण्याला आमच्यात क्रीप म्हणतात. लांबता लांबता एक दिवस त्याचा जीव संपतो आणि तो तुटतो. हे घडायला वर्षं लागतात, पण उष्णतेत तेच लवकर घडतं. म्हणून आम्ही सारखेच धागे, सारखीच वजनं लावून टांगायचो. काही साध्या खोलीत, काही गरम भट्टीत, काही त्याहून गरम भट्टीत. सगळ्यात गरम भट्टीत जे आठवड्यात दिसतं ते बाहेर वर्षानुवर्षांनी दिसणार, या हिशोबानं आकडे कागदावर मांडायचे आणि पट्टी ठेवून रेघ पुढं ओढायची. तो कागदही अजब असतो. पहिल्या बोटभर जागेत एक दिवस मावतो, पुढच्या बोटात दहा, त्याच्या पुढच्यात शंभर. पंजा पुरा होऊन आणखी एक बोट गेलं की आपण सगळे मेलेलो असतो आणि धागा तिथं लोंबकळत असतो.

ऐकायला हे भारी वाटतं. करायला फार कंटाळवाणं. दिवसभर टांगलेल्या धाग्यांखालचा काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. आकडा कालच्यासारखाच असतो. खोलीत एसी होता म्हणून मे महिन्यात सगळा कारखाना काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे यायचा आणि माझ्याशी धाग्यांबद्दल आस्थेनं बोलायचा. जूनमध्ये कोणी फिरकत नसे.

आम्ही राहायला शहापूरला होतो, कारण बायको तिथं शाळेत शिकवायची. मी रोज किन्हवलीवरून एसटीनं मुरबाडला. रस्ता असा की पोचेपर्यंत माझीच उंची वाढली असावी अशी शंका येई. संध्याकाळी घरी येऊन मी पाय पसरले की बायको विचारायची, "काय झालं आज?"

"काही नाही. टांगलेलेच होते सगळे."

"आणि त्यानं तुम्ही दमलात? मी दिवसभर चाळीस पोरांसमोर उभी असते, माझी लांबी येऊन मोजा कोणीतरी."

तिचं माहेर तानसाच्या काठी. दारात एवढं तळं, आणि त्यातलं पाणी मुंबईला जाणारं. लहानपणी तळ्याकडे बघत बघत तिनं विहिरीचे हंडे वाहिले होते. तिच्यापुढं दमल्याची भाषा करायची मला सोयच नव्हती.

माझा मोठा भाऊ गावी. टोकावड्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत गेलं की आमची वाडी लागते. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की काकडी, भेंडी, शिराळी. त्याला पाणी हवं. दादानं दोन ठिकाणी बोअर मारून पाहिली, दोन्ही कोरड्या गेल्या. तिसरी गोठ्याच्या मागं मारली तिला पाणी लागलं. त्या दिवशी वहिनी खाली चिखलात उभी राहून हसत होती, असं दादा अजून सांगतो. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची. मग घराचं पिणं, गुरांचं पिणं आणि काकडीचे वेल, सगळं त्या एका वीतभर रुंद भोकावर अवलंबून.

त्या भोकात मोटर सोडतात. पाण्यात बुडून चालणारी, नळकांड्यासारखी लांब मोटर. तिला वर पाणी आणणारा काळा पाइप जोडायचा, तिच्या डोक्याच्या कड्यांतून दोर बांधायचा आणि दोर सोडत सोडत तिला खोल खाली न्यायचं. मग दोराचं वरचं टोक बोअरच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या लोखंडी बाराला बांधून टाकायचं. मोटर त्या दोरावर लटकत राहते, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. दोर तुटला आणि मोटर आत पडून अडकली, तर मोटर गेली ती गेलीच, बोअरही गेली. वरून दगड टाकून बुजवायची आणि चौथी जागा शोधायची. आमच्या जमिनीत चौथी जागा असेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

मोटर सोडणं हे वाडीत सगळ्यांनी मिळून करायचं काम. गडी जमतात, दोर धरतात, सूचना देणारे दोर धरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, आणि काम झालं की घरधन्यानं कोंबडं कापायचं. मला निरोप होता, पण एसटीनं दगा दिला. मी पोचलो तेव्हा मोटर खाली गेली होती आणि कोंबडं शिजून पानात आलं होतं. जेवून मी बोअर बघायला गेलो. लोखंडी बारावर बारीक, निळा, चकचकीत दोर.

"दादा, एवढा बारीक?"

"बारीक कुठं? बोटाएवडा हाय."

"कोणाच्या बोटाएवढा?"

दादानं माझ्याकडे बघितलं. "तुज्या वैनीच्या करंगलीएवडा. धसईच्या बाजारात दुकानदार बोलला, ह्याला हत्ती बांधा. मंग?"

हत्ती एक दिवस बांधायचा असेल तर ठीकच होतं. पण हत्ती वर्षानुवर्षं टांगून ठेवला तर काय होतं, या हिशोबावरच माझं पोट भरत होतं. दोर पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे क्रीपच्या बाबतीत सगळ्यात लवकर ढिला पडणारा. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण घरच्या कामी येणार, या कल्पनेनं मी उगाच फुललो. उरलेला तुकडा वहिनीनं कपडे वाळत घालायला बांधला होता तो मी सोडवून घेतला.

"न्या भाऊजी," वहिनी म्हणाली. "पन माजी लुगडी आता कशावं घालू? तुमच्या हातावं?"

कारखान्यात साहेबांना विचारलं. साहेब नियमाचे होते, पण त्यांच्याही गावी बोअर होती. म्हणाले, "कोपऱ्यात टांग. रजिस्टरला लावू नको." मी मोटरचं वजन धरलं, पाइपातल्या पाण्याचं धरलं, गाठीपाशी दोर निम्मा कमजोर होतो तेही धरलं. तुकडे कापून भट्ट्यांमध्ये टांगले. कंपनीच्या पट्ट्यांकडे मी इतक्या प्रेमानं कधी बघितलं नव्हतं. डबा खाताना उठून काटा बघायला जायचो.

रेघ ओढली तेव्हा हिशोब निघाला: तीन पावसाळे, फार तर चार.

कागद घेऊन वाडीवर गेलो. ओटीवर पसरला. दादा, वहिनी आणि शेजारचे काका असे तिघं वाकून बघायला लागले. हे काका नात्यानं कोणाचेच काका नव्हते, पण वाडीत कोणाच्याही घरात काही पसरलं की ते तिथं असायचे. एक कोंबडी येऊन नेमकी शंभर दिवसांवर उभी राहिली. मी तिला हाकललं आणि दादाला रेघ दाखवली.

"ही रेग कोनी मारली?" दादानं विचारलं.

"मी."

"पट्टीनं?"

"हो."

"मंग ती सरलच जानार."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी पाणी आणायला आत गेली. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, भट्टी, वजन, लांबणं. दादा ऐकत होता. तो अडाणी नव्हता आणि हट्टीही नव्हता. शेवटी म्हणाला, "बरं, बदलू दोर. पन आता नाय. आता काकडीला फुल आलाय. मोटर वर काडली की मानसं पायजेल, दोन दिस पानी बंद. काकडी निगू दे."

काकडी निघाली तोवर भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले. मग पाऊस, आवणी, आणि पावसात बोअरची आठवण कोण काढतो? कापणीला वाडीतले गडी आपापल्या शेतात. त्यानंतर वाडीत लग्नं. लग्नं संपली की पुन्हा काकडीला फूल. मोटर वर काढायला मोकळा असा महिना वर्षात असतो, असं मला तेव्हा वाटत असे. शेती मी लवकर सोडली त्याचा हा परिणाम.

माझं मात्र वाडीत नाव झालं. एसटीतून उतरलो की काका हटकायचे, "काय दोरसाहेब, तुटला का आमचा दोर?"

"नाही तुटला अजून."

"नाय ना? बगा, घाई करा. आमचं वय झालं."

पहिलं वर्ष मी हसण्यावारी नेलं. पुढं पुढं फाट्यावर उतरायचाच कंटाळा यायला लागला. दोर तुटावा असं मला वाटत नव्हतं, त्यावर घर होतं माझ्या भावाचं. पण तो न तुटल्याबद्दल चारचौघांत मीच दिलगीर असायचो.

शेवटी दादानंच तोड काढली. दिवाळीत बैलांची शिंगं रंगवतात त्यातला लाल रंग उरला होता. दादानं बोअरच्या तोंडाशी, बाराला मारलेल्या गाठीच्या खाली, दोरावर लाल पट्टा ओढला.

"हा बग. दोर लांबला तर खून खाली जाईल. आमी रोज बगू. खाली गेली की तुला फोन करू, तवा मोटर काडू. झालं?"

मला ती कल्पना फार आवडली. मी वर शहाणपणही शिकवलं, की खूण बाराच्या खालच्या कडेला लावून घे म्हणजे बघायला सोपं. दादानं पुसून पुन्हा कडेला लावली. काकासुद्धा म्हणाले, आता कसं शास्त्रानुसार झालं.

त्यानंतर फोन यायचे. आधी टोकावड्याच्या बूथवरून, पुढं दादानं मोबाइल घेतला तेव्हा त्यावरून. पीकपाणी, आईची तब्येत, आणि फोन ठेवता ठेवता, "खून हाय तिथंच हाय."

तिसरा पावसाळा गेला. चौथा गेला. खूण हाय तिथंच. मला माझ्याच हिशोबाची शंका यायला लागली. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, मोटर पाण्यात बुडलेली. पाण्यात वजन कमी भरतं. शिवाय खाली गारवा. तू भट्टीत भाजून काढलास, बिचारा तिकडे थंडीत बसलाय." ते खरंच होतं. मी मनातल्या मनात रेघ पुढं ओढली, दोर आणखी पाच-सात वर्षं टिकवला आणि विषय संपवला. थकलो होतो या दोराला. एका दिवाळीत गेलो तेव्हा बोअरपाशी उभा राहून मी दादाची तारीफसुद्धा केली, की पाइप छान ताठ बसवलायस. पूर्वी बोअरच्या तोंडातून बाहेर येताना त्या काळ्या पाइपाला कोपरासारखा मोठा बाक होता. आता तो बाक नव्हता. दादा म्हणाला, मी काय नाय केलं, उन्हानं आखडला असंल. काका म्हणाले, काला रंग हाय ना, उन खातो. आम्ही तिघंही पटून चहा प्यायला गेलो.

मग एका एप्रिलात आमच्या खोलीत एक गिऱ्हाईक आलं. गाडीतून आलेला, घामानं भिजलेला गृहस्थ. एसीत येऊन बरं वाटल्यावर त्यानं सौजन्य म्हणून विचारलं, "हे लांबणं तुम्ही मोजता कुठं?"

"खाली," मी म्हटलं. "वर काय मोजायचं? वर तर बांधलेलंच असतं, ते कशाला हलेल?"

बोललो आणि तसाच उभा राहिलो. त्यानं पुढं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. माझ्यासमोर धागे टांगलेले होते, सगळे वरून चिमट्यात घट्ट, आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला काटा. इतकी वर्षं मी वाकून खालचा काटा वाचत होतो. आणि माझ्या भावाला मी वरच्या गाठीपाशी खूण करायला लावली होती, तीही बाराच्या कडेला नीट जुळवून. दोर वीतभर लांबो की पुरुषभर, ती खूण जागची हलणारच नव्हती. मोटर खाली खाली जात असणार, आम्हाला न दिसणाऱ्या अंधारात. आणि पाइपाचा बाक उन्हानं गेला नव्हता. खाली जाणाऱ्या मोटरनं तो ओढून सरळ केला होता. आता मोटरचं वजन पाइपावर आलं असणार, आणि पाइप मोटरला जोडलेला असतो तो नुसत्या एका पट्टीनं आवळून.

साहेबांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि टोकावड्याची गाडी धरली. भर दुपार. गाडीत झोप येत होती आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटणं फार दमवतं.

दादा बोअरपाशीच होता. तेव्हा भारनियमन जोरात होतं, वीज दिवसातून थोडाच वेळ यायची, आणि ती येईल तेव्हा बटण दाबायला माणूस जवळ हवा. पाइप बोअरच्या कडेवर तारेसारखा ताणून बसला होता. काठाला लागून त्याची साल निघाली होती. मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं खाली वाकून लाल खुणेकडे बघितलं, मग पाइपाकडे.

"म्हंजे आमी इतके दिस गाटीला बगत व्हतो."

"हो."

"तू पन."

"मी पण."

त्यानं शेताकडे मान वळवली. समोर काकड्या लागलेल्या होत्या. अगदी धरायच्या बेतात, बाजारात जायच्या आधीच्या आठवड्यातल्या.

"अजून आठ दिस थांबला तर?"

"कधी सुटेल सांगता येत नाही दादा."

"तुला कदी सांगता आलं?" तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं. मग पुन्हा काकडीकडे बघत म्हणाला, "काकडी परत लावू. ही बोअर परत लागनार नाय." आणि गडी बोलवायला गेला.

सात-आठ जण आले, काका सूचना द्यायला आले. तीन वासे उभे करून तिकाटी बांधली, तिला कप्पी लावली. वहिनी डोक्यावर पदर घेऊन गोठ्याच्या सावलीत उभी राहिली. दोघं पाइपावर, बाकीचे दोरावर, मी दोरावर. पाइप वर यायला लागला, ओला, गार. निम्म्याच्या आसपास आला असेल आणि पाइपवाले दोघं एकदम मागं, एकमेकांच्या अंगावर पडले. पाइप हलका झाला होता. खाली जोडावरून निसटला होता. त्याच क्षणी दोराला असा हिसका बसला की आमच्या तळहाताची सालं निघाली. दोर कप्पीवर करकरला आणि थांबला.

आता मोटर त्या दोरावर होती. फक्त दोरावर.

सगळे जिथल्या तिथं गोठले. कोणी ओढेना, कोणी सोडेना. दोर जागोजागी पांढरा पडलेला दिसत होता, ताणून ताणून पडतो तसा. मग सगळ्यांनी, दोर हातात ठेवून, माझ्याकडे तोंडं वळवली.

"बोला दोरसाहेब," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "टिकंल का?"

माझ्या कागदावर पहिल्याच बोटात एक अख्खा दिवस मावत असे. एवढा थोडा वेळ मांडायला त्यावर जागाच नव्हती. ज्या दोराला मी भट्टीत घालून मेलेला ठरवला होता, वाडीभर ज्याची बदनामी केली होती, त्याच्यापुढं आता मी मनात हात जोडले.

"ओढा," मी म्हटलं. "पण हिसका देऊ नका. सावकाश."

"सावकाश म्हंजे किती सावकाश? तुमच्या कंपनीसारका?" मागून कोणीतरी म्हणालं. दोन-तीन जण हसले, पण हात कोणाचे हलले नाहीत. दादानं "हं" म्हटलं आणि आम्ही ओढलं. वीत. थांबा. परत वीत. मी दोराकडे बघायचं टाळत होतो. दादा फक्त बोअरच्या तोंडाकडे बघत होता. दोर येतच राहिला, येतच राहिला. एवढा दोर आपण आत सोडला होता का, असं एकानं विचारलं. सोडला नव्हता. तो आत गेल्यावर वाढला होता.

मोटरचं डोकं दिसलं तेव्हा दादानं दोर सोडला, पुढं झाला आणि दोन्ही हातांनी तिला कवटाळून बाहेर घेतलं. अंगणात ठेवली आणि तिथंच शेजारी बसला. त्याचा सदरा चिखलानं भरला होता. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण तो कोणाला द्यावा हे तिला कळेना, म्हणून ती तशीच उभी राहिली.

दोर आणि पाइप नंतर शेजारी शेजारी पसरले. सोडताना दोन्ही सारखे होते. आता दोर माझ्या उंचीपेक्षा जास्त पुढं गेला होता. काकांनी त्यावरून चालून बघितलं, परत आले आणि पुन्हा एकदा चालून गेले.

एवढं झाल्यावर मोटर लगेच सोडता आली असती तर ही गोष्ट बरी संपली असती. पण जोड फाटला होता. तो मुरबाडला मिळाला नाही, कल्याणहून मागवावा लागला. बसवणारा माणूस लग्नाला गेला होता. तो आला तर वीज नव्हती, आणि मोटर चालवून बघितल्याशिवाय तो खाली सोडायला तयार नव्हता. मी आमच्या कारखान्यातून जाड पॉलिएस्टरचा दोर आणून दिला. शहापूर, मुरबाड, टोकावडे, परत शहापूर, अशा फेऱ्या मारताना मला एसटीतल्या सगळ्या खिडक्यांचे खडखडाट वेगवेगळे ओळखता यायला लागले. तेवढे दिवस वहिनीनं सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणलं. काकडीला कोण हंड्यानं घालणार? पानं दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी थोडी उचलायची, मग संध्याकाळीही उचलेनाशी झाली.

मोटर खाली गेली, वीज आली, पाणी आधी लाल, मग स्वच्छ आलं. कोंबडं कापलं नाही. कोणी विचारलंही नाही. निघताना दादा बांधापर्यंत आला. शेताचा वरचा अर्धा भाग वाळून गेला होता.

"बोअर ऱ्हायली," तो म्हणाला.

"हो."

"काकडी गेली."

मी मान हलवली.

"तू दोन वर्सं आदी हट्ट धरला असतास तर दोन्ही ऱ्हायली असती. आनि त्या दिशी धावत आला नसतास तर दोन्ही गेली असती. मंग तुजं बरोबर आलं का चुकलं?"

मी खरंच विचार करायला लागलो. तो म्हणाला, "जा, गाडी जाईल तुजी."

वहिनीनं धावत येऊन एक पिशवी हातात दिली. वेलावर उरलेल्या काकड्या. वाकड्या, टोकाशी बारीक, बाजारात कोणी हात लावणार नाही अशा. "पोरांना कोशिंबीर करा," म्हणाली.

शहापूरला पोचलो तेव्हा जेवणं व्हायची होती. बायको पिशवीत डोकावली आणि विळी घेऊन बसली. काकडीचं टोक कापलं, ते कापलेल्या भागावर गोल गोल घासून फेस काढला, कडूपणा जावा म्हणून. फोड चाखून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

"पाणी कमी पडलं ना तिला. दुसरी काप."

दुसरीही कडू निघाली. तिसरीही. ती एकेक टोक कापत होती, घासत होती, चाखत होती, आणि मी समोर बसून बघत होतो.

"नुसतं बघत बसायची सवयच लागलीय तुम्हाला," ती म्हणाली. "जरा चाखा की."

मग आम्ही दोघं चाखायला लागलो. पिशवी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा एक बरी निघाली. गोड नव्हे, पण खाण्याजोगी. तिला मीठ लावून आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. मुलांना वहिनीच्या काकड्यांबद्दल काही सांगितलं नाही. सकाळची गाडी होती, म्हणून मी लवकर आडवा झालो.